विकास आराखडा: हरकतींच्या आधी नकाशा गल्लीत आणता येईल का? (कोल्हापूर)

वरुणतीर्थकर | शिवाजी पेठ | रविवार, रात्री ९:१४

गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी का तुंबतं, हे शिवाजी पेठेतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. 'तळंच की ते,' एवढ्यावर विषय संपतो. वरुणतीर्थ बुजवून मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. पेठांत हे सगळ्यांना पाठ आहे. पण शहराचा आराखडा करताना हे कुणी विचारतं का, आणि विचारायचं झालं तर कधी आणि कुठं, यासाठी धागा काढतोय.

सुधारित आराखड्याचा विषय शहरात परत निघालाय. ज्या कट्ट्यावर जावं तिथं एकच वाक्य ऐकू येतं, 'प्रसिद्ध होऊ दे, मग हरकती घालू.' माझ्या मते घोटाळा इथंच आहे.

आपल्याकडं आराखडा होतो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली, म्हणजे एमआरटीपी. कलम २३ खाली महापालिका इरादा जाहीर करते. मग कलम २५ प्रमाणं सगळ्या जमिनीची पाहणी होऊन सध्याच्या जमीन वापराचा नकाशा होतो. नगररचनेतली माणसं त्याला ईएलयू म्हणतात. पुढची लोकसंख्या किती, शाळा किती लागतील, रस्ते कुठून न्यायचे, हा सगळा हिशोब त्या नकाशावर मांडतात आणि प्रारूप तयार करतात. ते कलम २६ खाली प्रसिद्ध होतं आणि मग कुठं आपल्याला 'हरकती व सूचना' म्हणून बोलावतात.

तोवर एका निर्णयात दुसरा अडकलेला असतो. एक बाग हलवा म्हटलं की ती शेजारच्या गट नंबरात जाते, मग तो मालक अर्ज घेऊन उभा. सुनावणीच्या रांगेत बहुतेक जण 'माझ्या जागेवरचं आरक्षण (बाग, मैदान असल्या कामासाठी राखून ठेवणं) उठवा' म्हणणारे असतात. त्यांना नावं ठेवत नाही, आयुष्याची कमाई त्या तुकड्यात असते. पण ज्या चार गल्ल्यांना ती बाग मिळणार होती, त्यांच्यातला एकही अर्ज फायलीत नसतो. समितीनं दोन्ही बाजू ऐकायच्या तर दुसरी बाजू आणायची कुठनं?

पुण्यात जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूपावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या, आणि शेवटी २०१५ मध्ये शासनानं तो आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला. एवढ्या ढिगात एका अर्जाला किती मिनिटं मिळाली असतील? ८७ हजार अर्ज हा सहभागाचा विक्रम आहे असं कुणी म्हणालं तर मी हात जोडतो. आधी न विचारल्याचा तो परिणाम आहे.

मुंबईची गोष्ट आणखी कामाची. २०३४ च्या आराखड्यासाठी तिथं सध्याच्या जमीन वापराचे नकाशे लोकांपुढं आले होते. नागरिकांच्या गटांनी आपापल्या भागात हिंडून त्यातल्या चुका दाखवल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये सरकारला तो बाजूला ठेवून सुधारणेचा आदेश द्यावा लागला. म्हणजे लवकर विचारलं की सगळं सुरळीत होतं असं नाही. पण चुकीवर बोट ठेवणारी माणसं तयार होती, कारण नकाशा वाचायची सवय त्यांना आधी लागली होती. आपल्याकडं ती सवय कुणाला आहे? झोन दाखला काढायला गेल्याशिवाय आपण रंगीत नकाशाचं तोंड बघत नाही.

माझं म्हणणं: ईएलयूचा त्या-त्या भागाचा तुकडा मोठा छापून तालमीत लावावा. पंधरा दिवस. संध्याकाळी तिथं समजावून सांगणारा एक माणूस. लोक पेन्सिलीनं खुणा करतील: इथं ओढा आहे, ही शाळा बंद पडली, ही 'मोकळी जागा' दहा वर्षं वाहनतळ आहे. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत. फुटबॉलचे संघ तिथले, गणपती तिथला, महापुरात जेवणाची पाकिटं बांधायला पोरं जमतात ती तिथंच. टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं, तेव्हा निरोप फिरायला कुठली जाहिरात लागली नव्हती. एवढं जाळं असताना आराखड्याची नोटीस राजपत्रात आणि पेपरच्या आतल्या पानावर का थांबते?

कायद्यात ईएलयूवर हरकती मागवायची सक्ती नाही. पण मनाईही नाही. तुमचं काय मत?

---

कायदा_कट्टा | रविवार, रात्री १०:०२

चांगला विषय. दोन गोष्टी जोडतो.

हरकती ऐकणाऱ्या कलम २८ च्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि शासन जास्तीत जास्त चार जाणकार नेमतं. हरकत घ्यायला मालक असावं लागत नाही. कायद्यात शब्द 'कोणतीही व्यक्ती' असा आहे. बहुतेकांना हेच माहीत नसतं, सातबारा नाही म्हणून घरी बसतात. अर्जात 'मला प्रत्यक्ष सुनावणी हवी' हे वाक्य स्पष्ट लिहा आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दुसरं, महापालिका अधिनियमात क्षेत्र सभेची तरतूद आहे, म्हणजे वॉर्डापेक्षा लहान भागातल्या मतदारांची बैठक. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. २०११ च्या जनगणनेत आपण ५ लाख ४९ हजार होतो. तेव्हा तालमीच्या आधी 'क्षेत्र सभा घ्या' हे लेखी मागा. तालीम ही सोय आहे, क्षेत्र सभा हा हक्क आहे. हक्क मागितला की निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

---

रानातला_रस्ता | पाचगाव | सोमवार, सकाळी ७:३१

वाचलं सगळं. शहरातल्यांचं बरं असतंय, तुमची तालीम, तुमचा नकाशा, आणि बाग मात्र आमच्या रानात.

१९७२ ला महापालिका झाली तवापासनं हद्द एक इंच वाढली न्हाई. ६६ चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, त्यात सगळं कोंबलंय. आता हद्दवाढ म्हटलं की गावं बंद ठेवून विरोध करतात, आणि आम्ही गावंढळ म्हणून पेपरात छापून येतंय. विरोध कशाला हाय ते कुणी विचारत न्हाई. पिवळा झोन, म्हंजे राहण्याचा, झाला तर जमिनीला भाव येतोय हे आम्हाला कळत न्हाई व्हय? कळतंय. भीती आरक्षणाची हाय. आमच्या एका भावकीतल्या माणसाच्या अर्ध्या रानावर खेळाचं मैदान पडलं. ना पैसा मिळाला, ना बांधायला परवानगी, ना बँक कर्ज देतीया. पोरीचं लग्न उसनवारीवर झालं.

२०१७ ला शहराभोवतीच्या ४२ गावांचं नियोजन बघायला प्राधिकरण केलं. त्याच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन सरपंचाला तोंडावर विचारता येत होतं. आता कुणाला विचारायचं? ग्रामसभेत हा विषय आला तर चर्चा होती, पण ग्रामसभेच्या ठरावाला नकाशात किंमत किती, ते सांगा आधी.

---

कायदा_कट्टा | सोमवार, सकाळी ९:४८

@रानातला_रस्ता, दादा, तुमच्या भावकीतल्या माणसानं कलम १२७ ची नोटीस दिली आहे का? आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. आधी ही मुदत कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीनं वाढवली.

या कलमाची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती धाग्याच्या विषयाची आहे. नोटीस मालक देतो, उत्तर महापालिका देते. पैसे नसले की उत्तर म्हणजे मौन. आरक्षण गेल्याचं राजपत्रात येतं तेव्हा आजूबाजूच्या वसाहतीला पत्ताही नसतो की आपलं मैदान गेलं. इतकी वर्षं आराखड्यात मैदान दिसत होतं म्हणून लोकांनी तिथं घरं घेतलेली असतात. मालकावर अन्याय आणि शेजाऱ्यांची फसवणूक, दोन्ही एकाच फायलीत.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल: नियोजन प्राधिकरणाला तो बंधनकारक नाही. पण ठराव सूचना म्हणून दाखल केला तर त्यावर समितीला काहीतरी लिहावं लागतं. शंभर सुटे अर्ज आणि एक ठराव, यात ठराव जड.

---

वरुणतीर्थकर | सोमवार, दुपारी १:२०

@रानातला_रस्ता, तुमचा राग समजतो, पण एक मुद्दा मान्य नाही. बाग रानात जाते कारण पेठेत जागा उरली नाही, आणि पेठेत उरली नाही कारण तिथली आरक्षणं आधीच्या आराखड्यांतून गळत गेली. तुमचं आणि आमचं भांडण एकाच गळतीवरचं आहे. मैदान हवं असेल तर त्याचे पैसे कुठनं येणार हे नकाशासोबत सांगितलंच पाहिजे. पैशाच्या तक्त्याविना प्रसिद्ध झालेली आरक्षणं म्हणजे मालकाच्या डोक्यावर टांगती तलवार आणि शेजाऱ्याला गाजर. हा तक्ता ईएलयूच्या वेळीच मागायला हवा. आम्ही पेठेतल्यांनी तर आधी मागायला हवा.

---

नकाशेवाला_निवृत्त | सोमवार, रात्री ८:५५

उभी हयात याच कामात गेली, म्हणून लिहितो. कुठल्या कार्यालयात ते विचारू नका.

ईएलयू कसा चुकतो ते सांगतो. पाहणीचा माणूस कामाच्या दिवशी दुपारी येतो. खालचं शटर बंद दिसलं की 'निवासी' लिहितो. संध्याकाळी तिथं वडापावची गाडी, वर शिकवणी, मागे चांदीचं काम, हे त्याला दिसत नाही. माळ्यावर काय चालतं ते तर देवालाच ठाऊक. मग प्रारूपात ती गल्ली निवासी होते आणि दहा वर्षांनी कुणीतरी तक्रार केली की कारागिराला नोटीस.

त्याहून वाईट म्हणजे ओढे. जयंती नाला सगळ्यांना माहीत आहे, दुधाळी नाला माहीत आहे. पण त्यांना येऊन मिळणाऱ्या लहान ओघळांवर स्लॅब पडलेत. उपग्रहाच्या चित्रात स्लॅब म्हणजे रस्ता किंवा पार्किंग. जुन्या सिटी सर्व्हेच्या शीटवर तो ओघळ असतो. त्या दोन्ही शीट एकमेकांवर ठेवून बघा, असं मी शेवटच्या काही वर्षांत दरवेळी सांगायचो. ठेवतात, नाही असं नाही, पण त्यातल्या कुठल्या रेषेला आज पाणी येतं आणि कुठली मेलेली आहे, हे शीट सांगत नाही. ते त्या गल्लीतल्या माणसालाच माहीत.

म्हणून तालमीत नकाशा लावायची कल्पना मला पटते. पण आराखड्याचा मोठा नकाशा लावून उपयोग नाही, त्यात माणसाला आपलं घर सापडत नाही आणि पाच मिनिटांत तो निघून जातो. त्या गल्ल्यांपुरता भाग नकाशा हवा, ज्यात घर नंबर किंवा रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर वाचता येईल. रंगांची सूची मराठीत. आणि लाल-निळ्या पूररेषा ठळक.

---

कुंभारगल्ली | शाहूपुरी | सोमवार, रात्री १०:४१

लाल-निळ्याचं नाव निघालं म्हणून.

२०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फूट ७ इंच, २०२१ ला ५६ फूट ३ इंच. धोक्याची पातळी ४३. आमच्याकडं नदी समोरून येत नाही, जयंती नाल्यातनं मागं फुगून येते. २०१९ ला ऐन गणपतीच्या तोंडावर मूर्ती पाण्यात गेल्या. भिंतीवर दोन्ही वर्षांच्या खुणा अजून आहेत, रंग दिला तरी पोपडा तिथंच निघतो.

निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम जवळपास बंद, बाग, पार्किंग असलं काही चालतं. निळी ते लाल यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायचं. हे नियम बरोबर आहेत, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण रेषा जलसंपदा आखणार, नकाशात ती नगररचना उतरवणार, आणि आमच्या भिंतीवरची खूण बघायला दोघांतला कोण येणार? रेषा आमच्या गल्लीच्या मधनं गेली तर एका बाजूच्या घराला परवानगी आणि समोरच्याला नाही. का, ते सांगायला कुणीतरी यायला नको का?

प्रत्येक गल्लीतल्या भिंतींवरच्या खुणा मोजून त्यांचा तक्ता केला आणि ईएलयूला जोडला तर फुकटात होतंय सगळं.

---

भाड्याची_खोली | मंगळवार, सकाळी ११:१५

कायदा_कट्टा दादा, 'कोणतीही व्यक्ती' वाचून बरं वाटलं. आम्ही राजारामपुरीच्या एका गल्लीत भाड्यानं राहतो. आराखड्याचं काही निघालं की घरमालक म्हणतात, तुमचा काय संबंध. पाणी आम्हाला भरावं लागतं, मुलाला शाळेत आम्हालाच सोडावं लागतं, रस्ता रुंद झाला तर खोली आमची जाते आणि भरपाई त्यांना मिळते. आणि संबंध नाही?

एक विचारायचं होतं. तालमीत नकाशा लावला तर मी कशी जाणार? आमच्याकडची तालीम म्हणजे संध्याकाळी पुरुषांचा अड्डा. कुणी हाकलणार नाही, पण मी जाणार नाही, आणि माझ्या ओळखीची एकही बाई जाणार नाही.

---

बावडेकर | कसबा बावडा | मंगळवार, दुपारी १२:०३

+१ ताई. हे मी लिहिणारच होतो. तालमींचं कौतुक मलाही आहे, पण प्रत्येक तालमीला एक नेता असतो आणि नेत्याचे कुठंतरी प्लॉट असतात. नकाशावर पेन्सिल कोण चालवणार, पोरं की तो? त्याच्यासमोर कुणी 'इथं ओढा होता' म्हणेल का?

---

उपनगर_पूर्व | मंगळवार, दुपारी १२:४०

आमच्या कॉलनीत तालीम नाही. ओपन स्पेस होती, त्यावर हॉल झाला. हॉलमध्ये नकाशा लावा म्हणावं, भाडं माफ करतील का बघा.

---

वरुणतीर्थकर | मंगळवार, रात्री ९:३०

बाया येणार नाहीत, हा मुद्दा बिनतोड आहे. मग एकाच ठिकाणाचा हट्ट नको. भाग नकाशाच्या तीन प्रती: एक तालमीत, एक अंगणवाडीत किंवा महापालिकेच्या शाळेत, एक रेशन दुकानाबाहेर. बचत गटाच्या मीटिंगला तो नेला तर आणखी बरं, कारण नळाचं पाणी किती वाजता येतं आणि पोरं कुठल्या वळणावर गाडीखाली येता येता वाचतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. शाळा कुठं हवी यावर पेठेतले आम्ही पुरुष एकमेकांना भाषणं देतो, सोडायला जातात त्या दुसऱ्याच.

बावडेकर, नेत्याच्या प्लॉटचं: म्हणूनच खूण करताना नाव लिहायची सक्ती नको, पण प्रत्येक खुणेचं काय झालं ते लिहून परत लावायची सक्ती हवी. 'ओढा: पाहणी केली, आढळला' किंवा 'आढळला नाही, कारण अमुक.' लोकांचा विश्वास उडतो तो सूचना नाकारली म्हणून नाही. सूचना कुठं गेली तेच कळत नाही म्हणून उडतो. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली हे आपणहून जाहीर करावं असा आग्रह धरता येईल.

---

कायदा_कट्टा | मंगळवार, रात्री १०:११

धरता येईल. आणि आराखडा मंजूर झाला म्हणून विषय संपला असं समजू नका. शासनानं मोठे बदल सुचवले तर ते वेगळे प्रसिद्ध होतात, त्यावर परत हरकती घेता येतात. नंतर कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात, एकेका सर्व्हे नंबरचे, एक महिन्याच्या नोटिशीवर. मूळ आराखड्याला हजारो अर्ज येतात आणि ३७ च्या नोटिशीला शून्य. शहर बदलतं ते या लहान नोटिशींनी. एखाद्या गटानं फक्त ३७ च्या नोटिशी गोळा करून त्या-त्या गल्लीच्या ग्रुपवर टाकायचं काम अंगावर घेतलं तरी पुष्कळ.

---

रानातला_रस्ता | पाचगाव | बुधवार, सकाळी ६:५०

३७ चं आमच्याकडं मी बघतो. प्राधिकरणाच्या नोटिशी गावात लागतात का, तेही विचारतो. १२७ चा नमुना अर्ज असला तर टाका कट्टेवाले, भावकीतल्या माणसाला देतो.

आणि तो पैशाचा तक्ता विसरू नका. त्याच्याशिवाय नकाशा घेऊन गावात आला तर चहा मिळंल, सही मिळायची न्हाई.

---

नकाशेवाला_निवृत्त | बुधवार, सकाळी १०:२२

पुरते नकाशे मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायला नको. सिटी सर्व्हे शीटच्या नकला रीतसर अर्ज करून मिळतात. दोन पेठांच्या आणि शाहूपुरीच्या मी काढून घेतो. ज्यांना ओघळ, झाकलेली गटारं, पुराच्या खुणा माहीत आहेत त्यांनी फोटो काढताना शेजारच्या घराचा नंबर चौकटीत येईल असं बघा, नाहीतर नंतर जागा ओळखत नाही. पुराच्या खुणेला रस्त्यापासून उंची मोजा, टेप लावून, आणि कुठल्या वर्षीची ते लिहा. ताई, तुमच्या गल्लीची शीट वेगळी काढू का? बचत गटाला दाखवायची असेल तर मी येऊन समजावून सांगेन.

---

भाड्याची_खोली | बुधवार, दुपारी २:०५

हो काका, काढा. आमच्या गटाची मीटिंग दुपारी तीनला असते, शाळा सुटायच्या आधी. पाऊण तास मिळेल.

---

कुंभारगल्ली | शाहूपुरी | बुधवार, रात्री ९:१८

टेप आहे, शिडी आहे. आमच्या गल्लीपासनं सुरू करूया. फक्त रविवारी ठेवू नका, मॅच आहे, पोरं मिळायची नाहीत. शनिवारी सकाळी या.